गाजलेले गाणे वगळून: ठाण्यातील एका जुन्या रॉक बँडच्या साध्या मैफलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हा बँड ठाण्याचा. १९९३ साली महाविद्यालयात शिकणाऱ्या पाच मित्रांनी तो सुरू केला. गायक, गिटारवादक, बासवादक, कीबोर्डवादक आणि ड्रमर ही पाचही माणसे आजवर तीच राहिली आहेत. मराठी रॉकच्या लहानशा जगात ही गोष्ट विरळाच म्हणावी लागेल. त्यांचा पहिला संग्रह १९९७ मध्ये कॅसेटवर निघाला, दुसरा २००३ मध्ये सीडीवर, आणि तिसरा २०११ मध्ये त्यांनी पदरचे पैसे घालून काढला. तिन्ही संग्रहांत मिळून ३१ गाणी आहेत. त्यांतले दुसऱ्या संग्रहातील एक गाणे गाजले आणि पुढे बँडची ओळखच बनले. महाविद्यालयांची स्नेहसंमेलने असोत, राम मारुती रस्त्यावरची किंवा तलावपाळीची दिवाळी पहाट असो, निवेदकाने बँडचे नाव उच्चारले की गर्दीतून त्या गाण्याची फर्माईश येणार हे ठरलेले असे.

गायक सोडला तर बाकीचे चौघे नोकरी-व्यवसाय सांभाळून वाजवतात. एक बँकेत आहे, एक महापेच्या एका कंपनीत, एक शाळेत शिकवतो आणि एकाचा विजेच्या कामांच्या ठेक्यांचा व्यवसाय आहे. तालमी वागळे इस्टेटमधील एका गाळ्यात होतात आणि त्याही शेजारचे कारखाने सुटल्यावर. प्रस्तुत लेखकाने या प्रकरणात नियोजन आणि नोंदी यांत मदत केली. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यांमागची कारणे मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत.

अडचण

सुरुवात संगीताच्या नव्हे, वैद्यकीय कारणाने झाली. प्रत्येक कार्यक्रमानंतर ड्रमरच्या कानांत बारीक शिट्टी वाजत राही आणि पूर्वी रात्रभरात थांबणारी ही शिट्टी हळूहळू दोन-दोन दिवस टिकू लागली. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, करून घेतली तेव्हा दोन्ही कानांचे आलेख ४,००० हर्ट्झच्या आसपास खाली गेलेले दिसले. मोठ्या आवाजामुळे होणाऱ्या श्रवणहानीची ही नेहमीची खूण आहे. अशी गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. आणखी जाऊ नये एवढेच हाती असते. डॉक्टरांनी हिशेबही समजावून सांगितला. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा धरली जाते आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. बँडचा कार्यक्रम दोन तासांचा असे आणि ड्रमच्या मागे बसलेल्या माणसाला झांजांचा आवाज कोणत्याही प्रेक्षकापेक्षा जास्त जवळून ऐकावा लागतो.

याच सुमारास दुसरी एक गोष्ट उघडपणे बोलली जाऊ लागली. गायकाने पन्नाशी ओलांडली होती आणि मूळ पट्टीतले वरचे स्वर त्याला दर वेळी मिळत नव्हते. विजेच्या गिटारींचा गजर चालू असला की ही उणीव झाकली जाई. तिसरी गोष्ट सर्वांना ठाऊक होती, पण तिला कोणी अडचण मानले नव्हते: कार्यक्रमातल्या गाण्यांची यादी गेली कित्येक वर्षे जवळजवळ बदललेली नव्हती आणि ३१ गाण्यांपैकी वीसेक गाणी बँडने स्वतःसुद्धा अनेक वर्षांत वाजवली नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय खुद्द ड्रमरनेच मांडला: दुसरा, तरुण ड्रमर घ्यावा. बाकीच्या चौघांनी त्यावर चर्चाही होऊ दिली नाही. भावनेच्या दृष्टीने हे समजण्यासारखे असले तरी निर्णय घेण्याची ती पद्धत चांगली नव्हती. कारण पुढे प्रत्येक खर्चाच्या वेळी ड्रमर ‘हे सगळं माझ्यामुळे’ असे म्हणत राहिला आणि ती गाठ शेवटपर्यंत पूर्णपणे सुटली नाही.

दुसरा पर्याय इलेक्ट्रॉनिक ड्रम आणि कानात बसवायचे मॉनिटर (वादकाला आपलेच वादन ऐकवणारी यंत्रे) यांचा होता. उसनी सामग्री आणून काही तालमी झाल्या. त्यात असे दिसले की कानातल्या मॉनिटरचा आवाज गाण्याच्या भरात वाढवला जातोच आणि मग मूळ धोका तसाच राहतो. कार्यक्रमच थांबवावेत हा तिसरा पर्याय एकदाच बोलला गेला.

चौथा पर्याय गिटारवादकाचा: वाद्ये कमी करावीत, ड्रमच्या संचाऐवजी काहोन (ज्यावर बसून वाजवतात तो लाकडी खोका) आणि ब्रश वापरावेत, सर्वांनी बसून वाजवावे आणि अशी एक मैफल प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित करून तिचाच संग्रह काढावा. हे सर्वांना पटले. मतभेद झाला तो गाण्यांवरून. कीबोर्डवादकाचे म्हणणे असे की साज नवा असल्यावर गाणी तरी ओळखीची हवीत. गायकाला नेमके उलट वाटत होते. त्याने एमटीव्ही वाहिनीसाठी न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर १९९३ मध्ये झालेल्या, ‘निर्वाणा’ या अमेरिकी बँडच्या अकूस्टिक मैफलीचा दाखला दिला. त्या बँडने आपले सर्वांत गाजलेले गाणे तिथे वाजवलेच नव्हते आणि सहा गाणी तर दुसऱ्यांची घेतली होती. त्यावर बासवादक म्हणाला, “अरे, त्यांच्यामागे एमटीव्ही होतं. आपल्यामागे गाळ्याचं भाडं आहे.”

या वादात दोन वेगळे निर्णय एकमेकांत मिसळले होते. साज कमी करणे हा एक निर्णय आणि अपरिचित गाणी घेणे हा दुसरा. परिचित गाणे कमी साजात वाजवले तर उरलेले गाणे श्रोता आपल्या आठवणीतून भरून घेतो; न वाजलेली गिटारही त्याला ऐकू येते. अपरिचित गाण्याला ही मदत मिळत नाही. रंगमंचावर जेवढे वाजते तेवढेच त्या गाण्याचे भांडवल. म्हणून दोन्ही निर्णय एकदम घेतल्यास धोका नुसता दुप्पट होत नाही. गाणे मुळात कसे बांधलेले आहे हे उघडे पडते. बँडने तो धोका पत्करला. एवढ्या स्पष्टपणे तो त्यांच्यापुढे त्या वेळी मांडला गेला असता तरीही त्यांनी तो पत्करला असता असे लेखकाचे मत आहे, परंतु मग गाण्यांची निवड अधिक कठोर झाली असती.

गाण्यांची निवड

कसोटी साधी ठरली. गायकाने एका गिटारवर गाणे म्हणायचे, ड्रमरने मांडीवर ठेका धरायचा आणि बाकीच्यांनी नुसते ऐकायचे. या कसोटीत, आजवर मागे पडलेल्या गाण्यांचे प्रकार हळूहळू लक्षात आले. काही गाणी केवळ जागेमुळे दुर्लक्षित राहिली होती. कॅसेटच्या काळात दुसऱ्या बाजूच्या शेवटी असलेले गाणे ऐकायला श्रोत्याला पहिली बाजू संपवून कॅसेट उलटावी लागे आणि पुन्हा शेवटपर्यंत थांबावे लागे. काही गाण्यांची रचना स्टुडिओत इतकी गुंतागुंतीची झाली होती की पाच जणांना ती रंगमंचावर उभी करता येत नसे. ही गाणी कमी साजात सर्वांत जास्त खुलली, कारण गुंतागुंत साजात होती, चालीत नव्हती. आणि काही गाणी मागे पडली होती कारण ती खरोखरच सामान्य होती. हे मान्य करायला वेळ लागला. विशेषतः ज्याची चाल त्यालाच आपले गाणे अन्यायग्रस्त वाटे.

पट्टीचा प्रश्न याच टप्प्यावर सोडवला गेला. मूळ गाण्यांपैकी बरीचशी मोकळ्या, म्हणजे बोटाने न दाबलेल्या, तारांवर आधारलेली होती, त्यामुळे गिटारवर नुसती पट्टी बदलली की त्या तारांची गुंज नाहीशी होई. उपाय म्हणून दोन्ही गिटारी एक पूर्ण स्वर खाली लावल्या. तारा सैल पडून खरखरू नयेत म्हणून जाड तारा चढवल्या. बोटांच्या जागा त्याच राहिल्या आणि गायकाला दोन अर्धस्वरांची सवलत मिळाली. कीबोर्डवादकाला संगीत नाटकांतल्यासारखा ऑर्गन हवा होता आणि त्याने एक जुना ऑर्गन शोधूनही काढला. पण त्याचा स्वर आजच्या प्रमाणित पट्टीशी जुळेना आणि पायाने भाता चालवल्याचा आवाज शांत गाण्यात सर्वांवर मात करी. शेवटी साधी पेटी घेतली. पेटीचे स्वर ऐन वेळी बदलता येत नसल्यामुळे मैफलीत गिटारी आणि बास पेटीवरून लावण्याचा नियम झाला.

या सगळ्यातून १६ गाणी निवडली गेली. त्यांपैकी पाच २००३ च्या संग्रहातली होती.

हक्कांचा प्रश्न

निवड झाल्यावर कोणीतरी जुने करार काढले. क्रम उलटा हवा होता.

१९९७ चा करार एका पानाचा होता. त्यावर गायक आणि चाली बांधणारा गिटारवादक यांच्या सह्या होत्या. ‘सर्व हक्क’ कंपनीला दिल्याचे त्यात लिहिले होते, परंतु किती काळासाठी ते लिहिले नव्हते. वकिलांनी लक्षात आणून दिले की कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हस्तांतराचा काळ नमूद नसेल तर तो पाच वर्षे समजला जातो. मूळ ध्वनिमुद्रण कंपनीचे राहते, पण तीच गाणी नव्याने वाजवून मुद्रित करायला त्या जुन्या मुद्रणाची गरजच नव्हती. २००३ च्या कराराची गोष्ट वेगळी होती. तो नीट टंकलेला होता आणि त्यात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द स्पष्ट होता.

२००३ च्या गाण्यांसाठी कायद्यात आणखी एक वाट आहे. कलम ३१-क खाली, पहिल्या मुद्रणाच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षे उलटली की ठरावीक मानधन आगाऊ भरून नवी आवृत्ती मुद्रित करता येते. परंतु तिथे प्रत्येक कृतीसाठी दर कॅलेंडर वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे मानधन भरावे लागते आणि मूळ कृतीत बदल करण्यावरही मर्यादा आहेत. काहीशे प्रती आणि इंटरनेटवरचे थोडे श्रोते एवढ्याच आशेवर असलेल्या बँडला ही वाट बंदच होती. मग ज्या कंपनीकडे या संग्रहाचे हक्क गेले होते तिला पत्र लिहिले. बरेच दिवसांनी उत्तर आले: गाजलेल्या गाण्याची परवानगी आगाऊ रक्कम घेऊन देता येईल, बाकीच्या गाण्यांचे पुढे पाहू.

येथे खरा निर्णय होता. नव्या संग्रहाच्या वितरकाचा आग्रह गाजलेले गाणे घ्याच असा होता, कारण श्रोते इंटरनेटवर त्याच नावाने शोध घेतात आणि त्या वाटेने बाकीच्या गाण्यांपर्यंत पोहोचतात. हे चूक नव्हते. तरीही बँडने नकार दिला. बाहेर याची मांडणी शुद्ध कलात्मक निर्णय म्हणून झाली. प्रत्यक्षात मागितलेली रक्कम दोन रात्रींच्या सभागृहाच्या भाड्याहून अधिक होती, हेही तेवढेच खरे. दोन्ही कारणे एकाच दिशेला जात होती म्हणून कोणते किती जड हे तपासण्याची वेळ आली नाही.

२००३ ची पाच गाणी गेली. त्यांतली दोन तर कसोटीत सर्वांत वरची ठरली होती. उरलेल्या ११ मध्ये तिसऱ्या संग्रहातली तीन गाणी घाईने भरण्यात आली आणि यादी १४ वर आली.

पहिल्या संग्रहातल्या दोन गाण्यांचे शब्द बँडच्या एका दिवंगत मित्राचे होते आणि १९९७ च्या त्या पानावर त्याची सही नव्हती. लेखी आणि सही केलेले हस्तांतर नसेल तर हक्क कवीकडेच राहतात आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे. गायक आणि ड्रमर त्याच्या पत्नीला भेटायला कोपरीला गेले. परवानगी तिने लगेच दिली, पण कपाटातून वही काढून एका गाण्याचे पान समोर ठेवले. गायकाने नुसते पाहिले आणि म्हणाला, “वहिनी, हे तिसरं कडवं आम्ही तेव्हा गाळलं होतं. कॅसेटची बाजू पुरत नव्हती.” त्या म्हणाल्या, “ठाऊक आहे मला. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. आता गाणार असाल तर सगळं गा, भाऊजी.”

६० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला ३० मिनिटे असत आणि त्या ३० मिनिटांनी मराठीतली किती कडवी खाल्ली असतील याचा हिशेब कोणीच ठेवलेला नाही. बँडने तिसरे कडवे परत घेतले. गाणे त्यामुळे लांबले आणि त्याचा तोलही बदलला; आधी तक्रारीच्या सुरात संपणारे गाणे आता समजूत घालत संपू लागले. चाल तीच असूनही गिटारवादकाला शेवट पुन्हा बांधावा लागला. परवानगी आणि मानधनाची वाटणी दोन्ही कागदावर आणली गेली, काळ आणि प्रदेश नमूद करून.

जागा आणि तारीख

गडकरी रंगायतन हा ठाणेकरांचा पहिला विचार असतो आणि इथेही तो झाला, परंतु काहीशे श्रोत्यांच्या मैफलीला ते मोठे होते. घोडबंदर परिसरातल्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहातले छोटे सभागृह आकाराने योग्य होते. तिथे सलग दोन रात्री आणि आदला दिवस ध्वनिजुळणीसाठी अशा तारखा जुळल्या नाहीत. शेवटी शहराच्या जुन्या भागातील एका संस्थेचे लहान सभागृह निवडले.

निवडण्याआधी साउंड इंजिनिअरने एक चांगली गोष्ट केली. मैफलीच्याच वेळी, संध्याकाळी सात ते दहा, रिकाम्या सभागृहात मुद्रणयंत्र चालू ठेवून तो बसून राहिला. पंख्यांची घरघर, वातानुकूलनाची गुणगुण आणि रस्त्यावरून गेलेली एक वरात असे सगळे त्यात आले. पंखे आणि वातानुकूलन बंद ठेवायचे तर थंडीचे दिवस हवेत. वरात नको असेल तर पौष हवा, कारण पौषात लग्ने लागत नाहीत आणि सभागृहेही मोकळी असतात. फक्त २६ जानेवारीच्या आसपासचे दिवस टाळले, कारण तेव्हा ठाण्यात गल्लोगल्ली सत्यनारायणाच्या महापूजा आणि त्यांचे ध्वनिक्षेपक असतात. पंचांग पाहून रॉक मैफलीची तारीख ठरवण्यावर बासवादकाने बरीच थट्टा केली, तरी या प्रकरणातील हा निर्णय सर्वांत निर्दोष ठरला. कोरड्या हवेचा आणखी एक फायदा झाला. पावसाळ्यात दमट हवेने फुगणारी गिटारींची लाकडे जानेवारीत स्थिर राहिली आणि सूर टिकले.

ध्वनिमुद्रणाची मांडणी

कमी वाद्यांचे मुद्रण सोपे असते हा समज इथे लवकरच मोडला. मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमात माइक वाद्याच्या अगदी जवळ असतो आणि त्या वाद्याचा आवाज बाकी सगळ्यावर मात करतो. शांत मैफलीत गायकाच्या माइकमध्ये त्याचीच गिटार, शेजारची पेटी आणि पुढच्या रांगेतला खोकलासुद्धा शिरतो. अशी गळती झाली की नंतर एकट्या गळ्याची दुरुस्ती करता येत नाही. सूर वर ओढला तर गिटारही ओढली जाते.

इंजिनिअरने गायकासाठी आठच्या आकड्यासारखे ऐकणारा माइक निवडला. असा माइक पुढचे आणि मागचे ऐकतो, दोन्ही बाजूंचे जवळजवळ ऐकत नाही. तो तिरपा लावून त्याची बहिरी बाजू गिटारकडे केली, तशीच गिटारच्या माइकची गळ्याकडे. जमिनीवरचे मॉनिटर पूर्ण काढून टाकले. त्यासाठी बँडला अर्धवर्तुळात, एकमेकांचे थेट ऐकू येईल इतके जवळ बसवले. गायक प्रेक्षकांकडे थोडा तिरका झाला आणि त्याला ते सुरुवातीला खटकले. तीस वर्षे समोर पाहून गाणाऱ्या माणसाची ही अडचण किरकोळ मानू नये. दोन तालमी त्यातच गेल्या.

ठेक्यासाठी कानात टिकटिक ठेवायची की नाही यावर मते विभागली. टिकटिक असती तर दोन रात्रींचे तुकडे जोडणे सोपे झाले असते. ड्रमरने ती नाकारली आणि त्याच्या शब्दाला या वेळी वजन होते. गाण्यांना श्वास मिळाला. किंमत मिक्सिंगच्या, म्हणजे मुद्रित आवाज एकत्र जुळवण्याच्या, वेळी मोजावी लागली.

दोन रात्री

तिकिटांवर ‘फारशी न वाजवलेली गाणी, कमी वाद्यांत’ असे छापले होते. गाजलेले गाणे होणार नाही असे स्पष्ट लिहिले नव्हते. पहिल्या रात्री मध्यंतरानंतर फर्माईश आली, गायकाने हसून टाळली आणि शेवटी काही प्रेक्षक उघड नाराज होऊन गेले. एक गृहस्थ दारात म्हणाले, “दादा, कार्यक्रम छान झाला, पण आम्ही भांडुपहून आलो होतो.”

त्या रात्री उशिरा बँडने ठरवले की दुसऱ्या दिवशी ते गाणे करायचे, मात्र मुद्रण थांबवून, शेवटी आणि माइकशिवाय. जाहीर सादरीकरणाचा परवाना आधीच घेतलेला होता, त्यामुळे गाण्यास अडथळा नव्हता. फक्त ते मुद्रित करून प्रकाशित करता येत नव्हते. दुसऱ्या रात्री गायकाने सुरुवातीलाच सांगून टाकले की ते गाणे शेवटी होईल. प्रेक्षक खूश झाले, कोणीही नाराज गेले नाही आणि ते गाणे सभागृहाने अक्षरशः उचलून धरले.

परंतु मुद्रण ऐकताना फरक लक्षात आला. पहिल्या रात्री पुढे काय येणार हे प्रेक्षकांना ठाऊक नव्हते आणि प्रत्येक गाण्यानंतर टाळ्यांआधी एक क्षण स्तब्धता आहे. दुसऱ्या रात्री टाळ्या लवकर येतात आणि लवकर संपतात. श्रोते सौजन्याने ऐकत होते, पण वाट दुसऱ्याच गाण्याची पाहत होते. वादकांनाही ते जाणवले असावे. दुसऱ्या रात्रीची बहुतेक गाणी किंचित जलद आहेत. संग्रहात शेवटी आलेल्या १२ गाण्यांपैकी आठ पहिल्या रात्रीची आहेत, तीन दुसऱ्या रात्रीची आणि एक दोन्ही रात्रींचे जोडून केलेले.

मिक्सिंग आणि दुरुस्त्या

काय दुरुस्त करायचे आणि काय नाही याचा नियम आधी लिहून ठेवला होता: स्टुडिओत नवे काही वाजवायचे नाही, दोन रात्रींमधली अदलाबदल फक्त कडव्यांच्या सीमेवर करायची. टिकटिक नसल्यामुळे दोन्ही रात्रींची गती जुळणारे एकच गाणे निघाले. तिसरे कडवे परत आलेल्या गाण्यात नेमका त्याच कडव्यात गायकाचा आवाज फाटला आहे. दुसऱ्या रात्री तो स्वच्छ लागला होता, पण गती वेगळी. गायकाला ते स्टुडिओत पुन्हा म्हणायचे होते. गिटारवादक आणि इंजिनिअर यांनी नियमाचा कागद पुढे केला आणि फाटलेला आवाज राहिला. घाईने भरलेल्या तीन गाण्यांपैकी दोन दोन्ही रात्री बसली नाहीत, ती गाळली.

शेवटचा वाद आवाजाच्या पातळीचा झाला. कीबोर्डवादकाला संग्रह इतर संग्रहांसारखा भरीव ऐकू यावा असे वाटे. ड्रमर मात्र चढउतार दाबायला तयार नव्हता. इंजिनिअरने दाखवून दिले की बहुतेक मोठ्या संगीत-सेवा गाण्यांची पातळी स्वतःच सारखी करून घेतात, त्यामुळे दाबून मिळवलेला मोठा आवाज तिथे पुन्हा खाली आणला जातो आणि दाबल्याचे नुकसान तेवढे मागे राहते. यावर वाद संपला. ड्रमरने एक गोष्ट स्वतःहून सांगितली: ४,००० हर्ट्झच्या भागाबद्दल आपल्या कानांवर विसंबू नये. म्हणून ब्रशांची पातळी बासवादकाने ठरवली.

निष्पत्ती

दोन रात्रींच्या तिकिटांतून सभागृह आणि मुद्रणाचा खर्च निघाला. मिक्सिंग आणि छपाईचा खर्च वर्षभरात पूर्ण निघाला नाही. इंटरनेटवर संग्रहाला मिळालेले श्रोते थोडे आहेत आणि वितरकाचा अंदाज या बाबतीत बरोबर ठरला. मात्र त्यांतले बरेच जण पूर्ण संग्रह क्रमाने ऐकतात असे वितरकाच्या अहवालांत दिसते. तिसऱ्या कडव्याचे गाणे सर्वांत जास्त ऐकले गेले, हे कोणीही आधी ओळखले नव्हते.

ड्रमरची पुढची ऑडिओमेट्री आधीच्यापेक्षा खाली गेलेली नाही. बँड आता वाचनालये आणि लहान सभागृहांत वाजवतो. मोठ्या पटांगणातली आमंत्रणे कमी झाली आहेत, दिवाळी पहाटेच्या एका संयोजकाने फोनवर विचारले, “आता तुम्ही शांतच वाजवता का हो?” आणि दुसऱ्या बँडला बोलावले. उत्पन्नाची ही घट सर्वांनी सारखी सोसली असे नाही. चौघांना पगार किंवा धंदा आहे. पूर्णवेळ गायकाला ती जास्त जाणवते आणि तो आता आठवड्यातून तीन संध्याकाळ गाणे शिकवतो.

वेगळे काय करता आले असते

जुने करार गाण्यांच्या निवडीआधी वाचायला हवे होते. एका संध्याकाळचे काम होते आणि त्याने पाच गाण्यांवरची मेहनत, तसेच त्यांच्या जागी झालेली घाई, दोन्ही वाचली असती. तिकिटावर एक ओळ अधिक छापली असती तर पहिल्या रात्रीची नाराजी टळली असती; काही तिकिटे कमी खपली असती, पण दुसऱ्या रात्रीचा बदल करावा लागला नसता. तो बदल करायचाच होता तर तो सुरुवातीला जाहीर करायला नको होता. गायक हे मान्य करत नाही. त्याच्या मते प्रेक्षकांना दोन तास अंधारात ठेवणे योग्य नव्हते आणि मुद्रणासाठी त्यांचा वापर करणे तर मुळीच नव्हते. हा मुद्दा बँडमध्ये अजून मिटलेला नाही आणि लेखकाला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते.

गायकाच्या उत्पन्नाचा विचार सुरुवातीच्या पर्यायांत कुठेच नव्हता. ड्रमरच्या कानांवर सर्वांचे लक्ष होते आणि ते योग्यच होते, परंतु शांत होण्याची किंमत कोणावर किती पडेल हे त्याच वेळी कागदावर मांडता आले असते.

२००३ च्या पाच गाण्यांसाठी कंपनीशी पत्रव्यवहार सध्या चालू आहे. कंपनीने पाचही गाण्यांची एकत्र किंमत सांगितली आहे. बँडने गाण्यागणिक दर आणि ठरावीक वर्षांची मुदत मागितली आहे. पुढच्या पौषासाठी सभागृहाची तारीख मात्र आधीच घेऊन ठेवली आहे.